चार अक्षरे आणि चोवीस मांडण्या

बँका आणि शासकीय नोकरभरतीच्या स्पर्धा परीक्षांत तर्कक्षमतेच्या विभागात एक प्रश्नप्रकार नेहमी आढळतो. तीन-चार इंग्रजी अक्षरे दिलेली असतात. प्रत्येक अक्षर एकदाच वापरून त्यांपासून किती अर्थपूर्ण इंग्रजी शब्द तयार होतील, असे विचारलेले असते. मराठी माध्यमातून शिकलेली आपली अनेक मुले-मुली हा प्रश्न पाहताच सोडून देतात. गणिताच्या अवघड उदाहरणाशी अर्धा तास झुंजणारी मुले इथे मात्र ‘हे आपल्याला जमणारे नव्हे’ असे म्हणून माघार घेतात. जिथे अर्ध्या गुणाने निवड हुकते, तिथे ही माघार महागात पडते. माझ्या मते या प्रश्नाला तर्कक्षमतेची चाचणी म्हणणे चूक आहे. तथापि तो शिकवता येतो आणि आपण तो शिकवलाच पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. ओ, पी, एस आणि टी ही चार अक्षरे. यांच्या एकूण मांडण्या चोवीस होतात. चार गुणिले तीन गुणिले दोन, हा झाला तर्काचा भाग. तो आपल्या मुलांना उत्तम येतो. कच्च्या कागदावर ती चोवीसही मांडण्या न चुकता लिहून काढतील. खरी अडचण त्यानंतर येते. या चोवीसांपैकी शब्द कोणते, हे ओळखण्यासाठी ते शब्द आधी कुठेतरी वाचलेले असावे लागतात. नेहमीच्या इंग्रजी शब्दकोशात यांपैकी सहा शब्द सापडतात : स्टॉप, स्पॉट, पोस्ट, टॉप्स, पॉट्स आणि ऑप्ट्स. ज्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते, तो सहापर्यंत सहज पोहोचतो. ज्याच्या घरी ते येत नाही, तो पाचावर थांबतो आणि त्याचे उत्तर चूक ठरते. ‘ऐच्छिक विषय’ म्हणजे काय हे त्याला पुरते ठाऊक असते. निवडणे या अर्थाचा ‘ऑप्ट’ मात्र त्याने कधी वाचलेला नसतो. म्हणजे मोजली गेली ती घरातील पुस्तकांची परंपरा, आणि तिला नाव दिले गेले बुद्धीचे. शिष्यवृत्ती परीक्षेत मराठी अक्षरे देऊन शब्द जुळवायला सांगितले की हीच मुले झटपट उत्तरे देतात. बुद्धी तीच आहे, केवळ शब्दांचे भांडार वेगळे आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी हा प्रश्न इंग्रजी भाषेच्या विभागात टाकावा, ही मागणी आपण केली पाहिजे.

मागणी मान्य होईपर्यंत आपली मुले वाट पाहू शकत नाहीत. म्हणून पद्धतीकडे वळू.

इंग्रजीत अक्षरे वाटेल तशी शेजारी येत नाहीत. त्यांच्या काही ठरावीक जोड्या असतात. वरील चार अक्षरांत ‘एस’ शेवटी ठेवा. उरलेल्या तिघांपासून टॉप, पॉट, ऑप्ट मिळतात. तीन शब्द झाले. मग ‘एस-टी’ आणि ‘एस-पी’ या जोड्या आरंभी ठेवा : स्टॉप आणि स्पॉट. शेवटी ‘एस-टी’ हीच जोडी अंती न्या : पोस्ट. तीन सवयींत सहाही शब्द हाती आले. चोवीस मांडण्या लिहिण्याची गरज उरली नाही. सात वेगवेगळी अक्षरे असतील तर मांडण्या ५,०४० होतात. तिथे पद्धतीवाचून इलाजच नाही. स्वर वेगळे काढावेत, ‘आय-एन-जी’, ‘ई-डी’, ‘ई-आर’ असे शेवट तपासावेत, ‘क्यू’ दिसला की ‘यू’ शोधावा.

अक्षरांच्या या स्वभावाचा हिशेब मांडता येतो, याला इतिहासाचा दाखला आहे. १९३०च्या दशकातील महामंदीत आल्फ्रेड बट्स या अमेरिकेतील बेकार वास्तुविशारदाने वर्तमानपत्रांतील मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले आणि त्यावरून एक शब्दखेळ रचला. पुढे १९४८ मध्ये त्याला ‘स्क्रॅबल’ हे नाव मिळाले. त्याच्या इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांत ‘ई’च्या बारा, तर ‘क्यू’ आणि ‘झेड’ची प्रत्येकी एकच सोंगटी असते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतील स्क्रॅबलचे विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. त्यांनी शब्दांची यादी आत्मसात केली होती. या कौशल्यासाठी ती भाषा घरात बोलली जावी लागत नाही, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आपल्या मुलांची पाटी तर कोरीही नाही. वरील सहांपैकी पाच शब्द गावातच आहेत. एसटीचा स्टॉप, टपालाचे पोस्ट, बातमीतला स्पॉट, कानातले टॉप्स, फुलझाडांचे पॉट. कानाने ओळखीचे असलेले हे शब्द डोळ्यांच्या ओळखीचे करून देणे, एवढेच काम उरते. मराठी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, इंग्रजी तशी लिहिली जात नाही. म्हणून हे काम आपोआप होत नाही. पाचही इंग्रजी स्वर एकेकदाच येणारा शब्द कोणता, असे विचारले तर मुले गोंधळतात. वास्तविक तो दहावीच्या गुणपत्रिकेवर, मंडळाच्या इंग्रजी नावात छापलेला असतो : ‘एज्युकेशन’.

निवासी शाळेजवळ एक संपत्ती असते, ती म्हणजे संध्याकाळ. अभ्यासिकेतील पंधरा मिनिटे, फळ्यावर पाच अक्षरे, आणि गटागटाने शोधलेल्या शब्दांची शब्दकोशात पडताळणी, एवढाच हा उपक्रम आहे. नवा शब्द मराठी अर्थासह वहीत उतरला पाहिजे, अन्यथा ती नुसती घोकंपट्टी होईल. पालकांना इंग्रजी येत नसले तरी सुट्टीत ती वही मुलांकडून वाचून घेता येईल. नोकरीत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येक वर्गाला शब्दकोशाच्या चार-पाच प्रती द्याव्यात, आणि ज्यांनी या परीक्षा दिल्या आहेत त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. परीक्षेच्या सभागृहात आपली मुलगी हा प्रश्न सोडून पुढे न जाता पेन्सिल हाती घेईल, एवढे घडले तरी या संध्याकाळी सार्थकी लागतील.