इंजिनाला तहान लागत होती तेव्हा

लोंढा जंक्शनची जन्मकथा कोणा संस्थानिकाच्या सनदेपासून अथवा एखाद्या स्वयंभू देवतेच्या प्रकट होण्यापासून सुरू करता येत नाही. तिचा आरंभ बाष्पयंत्राच्या तहानेपासूनच करावा लागतो. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदरातून निघालेला पोर्तुगीज हद्दीतील लोहमार्ग सदतिसास एक अशा खड्या चढणीने दूधसागराला वळसा घालीत कॅसलरॉकला पोहोचला आणि इकडून गेलेल्या सदर्न मराठा रेल्वेच्या रुळांशी त्याची गाठ पडली, तेव्हापासून अरण्यातील या नगण्य वस्तीला जे महत्त्व प्राप्त झाले, त्याचे कारण येथे काही विशेष पिकत होते असे मुळीच नाही. येथे गाडीला थांबणे भाग होते, एवढेच. इंजिनाला पाणी हवे असे, कोळसा हवा असे, पोटातली राख झाडून हवी असे. आणि इंजिन पाणी पीत असताना उतारूंनाही आपापली तहानभूक आठवे. फलाटावरचा चहावाला, करवंदांच्या आणि फणसाच्या गऱ्यांच्या पाट्या घेऊन आलेल्या बायका, हमाल, कोळसा ओढणारे, झारीवाले अशा कितीतरी जणांचा चरितार्थ इंजिनाच्या त्या सक्तीच्या विश्रांतीवर चालत असे.

पुढे कोळसा जाऊन डिझेल आले, १९९० नंतरच्या दशकात मीटर गेज उखडून ब्रॉड गेज आली, आणि आता तर फलाटावर उभे राहून वर पाहिले असता आकाशाला विजेच्या तारांच्या रेघा पडलेल्या दिसतात. प्रत्येक सुधारणेबरोबर गाडीचा वेग वाढला आणि मुक्काम घटला. सुधारणेचे मोजमाप इतरत्र मैलांनी होत असेल. आमच्या गावी ते थांब्याच्या मिनिटांनी झाले, आणि त्या हिशेबात आम्ही दर वेळी काही ना काही गमावीतच आलो. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. धुराने काळवंडलेल्या त्या दिवसांची हुरहूर ज्यांना वाटते, त्यांनी एकदा उन्हाळ्यात फायरमनच्या जागी उभे राहून पाहावयास हवे होते.

हे सारे आठवण्याचे निमित्त म्हणजे गेल्या महिन्यात लोंढ्याच्या फाट्यावर उभी दिसलेली एक विजेची मोटार. तिचा मालक, हुबळीकडचा एक सुखवस्तू गृहस्थ, गोव्याला निघाला होता आणि अनमोडचा माथा गाठण्यापुरती वीज शिल्लक आहे किंवा कसे, या विवंचनेत समोरच्या पडद्यावरील आकड्याकडे, पूर्वी आमचे वडीलधारे जसे पावसाळ्याच्या तोंडी ढगांकडे पाहत, तसा पाहत होता. मला त्याची दया आली नाही. उलट एका जुन्या ओळखीच्या माणसाची अवचित भेट व्हावी तसे वाटले. वाहनाला पुन्हा तहान लागली होती!

पेट्रोलच्या मोटारीचा इतिहासही तहानेनेच सुरू झालेला आहे. ज्या १८८८ सालाच्या आगेमागे आमच्या घाटातून आगगाडी वर चढली, त्याच वर्षाच्या ऑगस्टात जर्मनीत बेर्था बेंझ ही धाडसी स्त्री पतीला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्याने तयार केलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटरच्या प्रवासाला निघाली. वाटेत इंधन संपले तेव्हा तिने ते वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून विकत घेतले, आणि इंजिन थंड राखण्यासाठी जेथे मिळेल तेथे थांबून पाणी भरले. त्या काळी विजेच्या मोटारीही होत्या, आणि काही काळ त्या पेट्रोलच्या मोटारींच्या पुढेच होत्या; १८९९ साली ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडणारी मोटार विजेवरच चालत होती. परंतु पेट्रोलचे एक वैशिष्ट्य असे की, दोन-चार मिनिटांत टाकी भरते आणि माणूस मार्गस्थ होतो. घाटात बॉनेट उघडून, झऱ्याचे पाणी डब्याने रेडिएटरमध्ये ओतणाऱ्या फियाट-अॅम्बॅसडरवाल्यांची पिढीही पुढे हळूहळू अस्तंगत झाली. आणि मोटार हे न थांबणारे वाहन आहे, अशी आपल्या सर्वांची समजूत होऊन बसली.

ती समजूत आता डळमळू लागली आहे. २०२४ साली जगात १ कोटी ७० लाखांहून अधिक विजेच्या मोटारी विकल्या गेल्या, म्हणजे विकल्या गेलेल्या दर पाच मोटारींत एकीहून थोड्या अधिक. त्यांतील फार मोठा वाटा एकट्या चीनचा. नॉर्वेसारख्या चिमुकल्या देशात तर त्या वर्षी नव्या दहा मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या. आपल्याकडे चारचाकीपेक्षा दुचाकीने ही वाट आधी धरली. पुण्याची चेतक २०२० साली विजेवर परतली, आणि लूनाही २०२४ साली तिच्या मागोमाग आली. १ जून १९४८ रोजी ज्या पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी महामंडळाने विजेवरची ‘शिवाई’ सोडली. ही सारी परिवर्तने कोणत्या शहरातील कोणत्या दिवाणखान्यांत ठरतात, याची वार्ता लोंढ्यापर्यंत पोहोचत नाही; बाष्पयंत्रे बंद करण्याची मसलत झाली तेव्हा तरी आम्हांला कोठे कोणी विचारले होते?

पेट्रोल या पदार्थाने आमच्या सीमाभागावर जे एक अदृश्य राज्य केले, त्याचा मात्र हिशेब या निमित्ताने मांडून ठेवला पाहिजे. ही तीन राज्यांच्या हद्दींची सांधणी. पोर्तुगीज अमदानीत कॅसलरॉकला जकातीची चौकी होती आणि उतारूंच्या पेट्या-बोचकी तेथे उघडून पाहिली जात. गोवा मुक्त झाला, चौकी उठली; परंतु सरकारे जकातीशिवाय राहू शकत नसल्यामुळे ती पेट्रोलच्या नळीत जाऊन बसली. २०१७ साली वस्तू व सेवा कराने देशातील बहुतेक मालाला एकाच मापात बसविले, पण पेट्रोल आणि डिझेल त्यातून वगळले गेले, आणि त्यांवर किती कर घ्यावा हे प्रत्येक राज्याच्या मर्जीवर राहिले. २०१२ साली मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरील कर जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा तेथे ते लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले, आणि आमच्या बाजूच्या कितीतरी गृहस्थांना गोव्यातील देवस्थानांविषयी एकाएकी भक्ती उत्पन्न झाली. तिकडे निपाणीच्या बाजूला उलटा प्रवाह; कागल ओलांडून कोगनोळीच्या अलीकडे यावे, कर्नाटकातील पंपावर टाकी भरावी आणि परत फिरावे, हा कोल्हापूरकडच्या मालमोटारवाल्यांचा परिपाठ होता. सीमाप्रश्नावर दोन्ही बाजूंनी आजवर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या मानाने या डिझेलच्या प्रवाहाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही, कारण त्यात दोन्ही बाजूंची सोय होती.

घरच्या अंगणात रात्री दोरी लावून मोटार भरणाऱ्या माणसाला असली सीमा उरत नाही. पेट्रोलवर बसविलेल्या करासारखा कर घरगुती विजेच्या देयकात वेगळा काढावयाचा, तर मिक्सर किती युनिटे खातो आणि मोटार किती, याचा पंचनामा करावा लागेल. २०१७ साली विजेच्या वाहनांसाठी स्वतंत्र धोरण आखणारे कर्नाटक हे देशातील पहिले राज्य, आणि त्याने या वाहनांना मार्गकरही माफ केला होता. पण २०२४ साली याच राज्याने २५ लाखांहून अधिक किमतीच्या विजेच्या मोटारींवर आजीवन कर बसविला. खजिन्याला कशाची चाहूल लागली आहे, ते यावरून समजावे. आज श्रीमंताच्या मोटारीवर असलेला कर उद्या कोणाच्या स्कूटरपर्यंत उतरेल, ते सांगता येत नाही. पेट्रोल संपुष्टात येईल तेव्हा येवो, जकात संपुष्टात आल्याचे उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत मात्र प्रश्न कराचा नाही, हातांचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ सालीच (हे वर्ष आज पिच्छा सोडीत नाही!) बेळगावात सायकलींचे दुकान काढले, त्यातून पुढे लोखंडी नांगर निघाला, शहराच्या विस्तारात कारखान्याची जागा गेली तेव्हा १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाला जाऊन त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. ते गेले, पण ओतीव लोखंडाची विद्या या मातीत राहिली, आणि आज मोटारींच्या व पंपांच्या सुट्या भागांचे ओतकाम करणाऱ्या कितीतरी भट्ट्या येथे पेटलेल्या असतात. इंजिनाचा ब्लॉक ओतणे हे काम सोपे नव्हे. बाहेरचा आकार साच्याने मिळतो; परंतु ब्लॉकच्या पोटात पाणी खेळण्यासाठी ज्या वाकड्यातिकड्या पोकळ्या लागतात, त्यांच्यासाठी वाळूचे कोअर करून ते साच्यात अचूक बसवावे लागतात, आणि एक कोअर केसभर सरकला की सबंध ओतीव पुन्हा भट्टीत जातो. इंजिनाच्या तहानेने लोंढ्याला थांबा दिला, तसे बेळगावच्या कोअर करणाऱ्या कारागिरांना काम दिले. विजेच्या मोटारीलाही ब्रेक लागतात, आस लागतात, गिअरची पेटी लागते, त्यामुळे उद्यमबागेच्या भट्ट्या विझतील असे भाकीत मी करणार नाही. पण इंजिनाचा ब्लॉकच नको झाला, तर त्या कोअरमध्ये ज्याचे आयुष्य गेले अशा पन्नाशीच्या माणसाने अॅल्युमिनियमच्या पातळ कवचांची विद्या नव्याने शिकावी, ही अपेक्षा जितक्या सहजपणे व्याख्यानांतून व्यक्त केली जाते, तितक्या सहजपणे ती पुरी होत नाही. शिवाय या मोटारी चालविणाऱ्या विद्युतयंत्रांत जी चुंबके लागतात, त्यांच्या निर्यातीवर एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्बंध घातले, तेव्हा पुण्यातील मोठमोठ्या कारखानदारांची झोप उडाली. आखातावरचे अवलंबित्व टाकून आपण कोणाच्या दाराशी चाललो आहोत, हेही पाहून ठेवलेले बरे.

आणि वीज येते कोठून? आमच्यापुरते उत्तर अगदी जवळ आहे. लोंढ्यापासून गोव्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की रामनगर लागते. काळी नदीवर गणेशगुडीजवळ सुपा धरण बांधले गेले तेव्हा त्याच्या पाण्याखाली सुपा हे तालुक्याचे गाव व भोवतालची वस्ती गेली, आणि तेथून उठलेल्या माणसांना या रामनगरात आणून वसविण्यात आले. नागझरीचे विद्युतगृह त्या पाण्यावर फिरते, आणि त्याच काळी नदीच्या खालच्या अंगाला कैग्याची अणुभट्टी आहे. मुंबईच्या गिरण्यांना व आगगाड्यांना वीज हवी म्हणून मुळशीचे खोरे बुडविले गेले, तेव्हा १९२१ पासून सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला. सुप्याच्या लोकांना असा सेनापती लाभला नाही. धूर नसलेल्या मोटारीत बसून अनमोडकडे जाणारा गृहस्थ रामनगरावरून जातो, तेव्हा ज्यांच्या बुडालेल्या उंबऱ्यांवरून आलेल्या पाण्याने त्याची मोटार कदाचित चालली असेल, त्यांच्या दारावरूनच तो जात असतो, आणि त्याला ते ठाऊक नसते.

त्या दिवशी फाट्यावरच्या गृहस्थाची अखेर कशीबशी सोय झाली. शेजारच्या गॅरेजच्या मेस्त्रीने त्याला आपल्या घरातील विजेचे छिद्र उदारपणे देऊ केले. परंतु घरगुती विजेने मोटार भरावयाची तर रात्र काढावी लागेल, हे कळल्यावर दोघेही हसले. चढावर वीज फार खर्ची पडते खरी, पण अनमोडचा माथा ओलांडून मोलेकडे उतरू लागले की चाकांच्या गतीतून तीच मोटार उलट वीज साठवू लागते, असे मालकाने समजावून सांगितले, आणि हिशेब करून तो हळूहळू निघून गेला.

मेस्त्री बराच वेळ त्या मोटारीच्या दिशेने पाहत राहिला. त्याची हयात ऑइल बदलण्यात आणि प्लग साफ करण्यात गेलेली.

“मालक, ह्या गाडीला ऑइल न्हाई, प्लग न्हाई, मग आमी बघायचं काय तिच्यात?” त्याने विचारले.

मी म्हटले, मोठ्या शहरांतून आता जलद वीज भरणारी यंत्रे बसत आहेत. उद्या तसे एखादे या फाट्यावरही बसेल.

“त्येला किती येळ लागतोय?”

“पाऊण तास, कधी एक तासही.”

त्याने दुकानाच्या बाजूला, जुन्या टायरांचा ढीग पडला होता त्या मोकळ्या जागेकडे नजर टाकली.

“म्हंजे एक जेवान होतंय की,” असे म्हणून त्याने हात पुसले आणि मागच्या दाराकडे तोंड करून बायकोला हाक मारली.