वत्सलरसातील 'इत्यादी'

माझ्या मुलीला आणखी पंचवीस दिवसांनी वर्ष पूर्ण होईल. सध्या घरी येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "वर्ष कसे गेले कळलेच नाही, नाही का?" मी मान डोलावते, कारण पाहुण्यांशी वाद घालू नये अशी आपली रीत आहे. पण मला हे वर्ष कळले. तासातासाने कळले. पहाटेचे तीन कसे असतात, साडेतीन कसे असतात आणि त्या दोहोंच्या मध्ये घड्याळ किती वेळ थांबते, हे मला आता चांगले ठाऊक आहे. हे वाक्य उच्चारणारे सगळे संध्याकाळी येऊन चहा घेऊन गेलेले आहेत, एवढीच माझी तक्रार. ती तक्रार आपल्या साहित्यविचाराविषयीही करता येईल असे वाटल्यावरून हा लेख.

वात्सल्याला स्वतंत्र रस मानावे की नाही याबद्दल संस्कृत साहित्यशास्त्रात बरीच भवति न भवति झाली. भरताने आठ रस सांगितले, शांताला नववे स्थान नंतर मिळाले, आणि चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वत्सलरसाला मान्यता दिली. एम.ए.च्या वर्गात ही मांडणी मी पंधरा वर्षे फळ्यावर लिहीत आले. स्थायी भाव वत्सलता अर्थात स्नेह. आलंबन विभाव पुत्रादी. (या 'आदी'त आमची मुलगी बसवून घ्यावी लागते, ते असो.) उद्दीपन म्हणजे त्याच्या चेष्टा, पुढे त्याची विद्या, शौर्य. अनुभाव म्हणजे आलिंगन, अंगस्पर्श, मस्तकाचे चुंबन, टक लावून पाहणे, रोमांच, आनंदाश्रू. संचारी भाव म्हणजे अनिष्टाची शंका, हर्ष, गर्व इत्यादी. विद्यार्थी लिहून घेतात आणि परीक्षेत जसेच्या तसे उतरवतात. मीही त्यांना पूर्ण गुण देत आले.

यंदा हीच यादी शिकवताना मात्र खडू हातात तसाच राहिला. हे सर्व अनुभाव कोणाचे आहेत? आलिंगन, चुंबन, टक लावून पाहणे हे दिवसभर बाहेर असलेल्या आणि संध्याकाळी घरी परतलेल्या माणसाचे अनुभाव आहेत. जो दिवसभर मुलाजवळ असतो त्याला टक लावून पाहण्याची फुरसत नसते. अकराव्या महिन्यातले मूल रांगते, कॉटचा कठडा धरून उभे राहते, हात सोडून बघते आणि पडते. अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट त्याला नुकती साधलेली असते, त्यामुळे सोफ्याखाली गेलेला शेंगदाणा, शर्टाचे बटण, मेलेली मुंगी यांपैकी आपल्याला न दिसणारे सर्व काही त्याला दिसते आणि ते तोंडात जाते. घरात अचानक शांतता पसरली की धावत जायचे, हा या महिन्याचा मुख्य नियम. विश्वनाथाने अनिष्टाची शंका यादीत पहिली घातली याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पुढचे सर्व काही त्याने 'इत्यादी'मध्ये ठेवले.

त्या 'इत्यादी'त काय आहे हे पाहायला भरताकडे जावे लागते. तेहतीस व्यभिचारी भावांत श्रम आहे, ग्लानी आहे, आलस्य, चिंता, निद्रा आहे, विबोध म्हणजे झोपेतून जाग येणे हेही आहे. त्रासही आहे, पण त्याचा संस्कृत अर्थ दचकणे असा आहे. आमच्या घरी संस्कृत आणि मराठी असे दोन्ही अर्थ लागू पडतात. नऊ वाजता झोपलेले मूल अकराला उठते, एकला उठते, तीनला उठते आणि पाचला खेळायला उठते. विबोधाचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला तरी कोणत्या टीकेत सापडलेले नाही.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो घेतलाही. श्रम आणि कंटाळा हे रसविघ्न आहेत. लंगोट वाळत घालणे, नाचणीची पेज ढवळणे, ती भिंतीवरून पुसणे यांतून रसनिष्पत्ती होत नाही, म्हणून कवी ते वगळतात, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप मला मान्य नाही. श्रमाची कारणे सांगताना विश्वनाथ रती आणि वाटचाल यांची नावे घेतो. म्हणजे श्रम काव्याला चालतो. शृंगारातील नायिकेचे रात्रभर जागून लाल झालेले डोळे काव्याला फार पूर्वीपासून प्रिय आहेत. डोळे तेच, जागरण तेच. एका ठिकाणी ते सौंदर्य ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी 'इत्यादी'. हा शास्त्राचा नियम नव्हे, पाहणारा कोठे उभा आहे याचा परिणाम आहे.

मूळ ग्रंथ मात्र दर वेळी इतके आंधळे नसतात, आणि येथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. भागवताच्या दशम स्कंधातील नवव्या अध्यायात कृष्णाला उखळीला बांधल्याची कथा आहे. मी ती भक्तिकाव्याच्या संदर्भात नेहमी सांगते. यशोदा दोरी आणते, ती दोन बोटे कमी पडते. आणखी दोरी जोडते, पुन्हा दोन बोटे कमी. एक बोट भक्ताच्या प्रयत्नाचे, दुसरे ईश्वराच्या कृपेचे, हे परंपरेतील विवरण सांगितले की तास रंगतो. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, ते चुलीवरचे दूध उतू जात होते, त्याचे पुढे काय झाले?" वर्ग हसला. मीही हसले आणि कथेचा गाभा तो नाही असे सांगून पुढे गेले. ती विवाहित होती आणि तिला लहान मूल होते, हे मला नंतर कळले.

या वर्षी, मूल मांडीवर झोपलेले असताना एका हाताने पुस्तक धरून, मी तो अध्याय पुन्हा वाचला. तिच्या प्रश्नाचे उत्तर तेथे स्पष्ट दिलेले आहे. यशोदा दूध उतरवून ठेवते आणि मग परत येते. एवढेच नव्हे. अध्यायाच्या प्रारंभीच सांगितले आहे की घरच्या दासी दुसऱ्या कामांत गुंतल्या होत्या म्हणून यशोदा स्वतः दही घुसळायला बसली. घुसळताना ती आपल्या मुलाच्या खोड्यांची गाणी गात होती. तिचे तोंड घामाने भिजले होते. मूल दूध प्यायला आले आणि त्याने रवी धरून काम थांबवले. तिने त्याला मांडीवर घेतले, तेवढ्यात चुलीवर दूध उतू जाऊ लागले, म्हणून ते अतृप्त असतानाच त्याला खाली ठेवून ती धावली. मग मुलाचा राग, फुटलेले मडके, पाठलाग, दोरी. कृष्ण शेवटी बांधून घेतो तो आईचे श्रम पाहून. भागवतकाराने परिश्रम हा शब्दच वापरला आहे. त्याने घाम पाहिला होता, दूध पाहिले होते, अर्धवट पाजून खाली ठेवलेले मूल पाहिले होते. दोन बोटांच्या नादात ते आम्ही वगळले.

मराठीतील आईविषयीच्या लेखनाकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'पासून पुढे आपल्याकडची आई बहुधा मुलाच्या आठवणीतून आलेली आहे. आठवणीला एक अडचण असते. पहिल्या वर्षातले कोणालाच काही आठवत नाही. ज्याच्यासाठी रात्री जागवल्या त्याला त्या ठाऊक नसतात, आणि जिने जागवल्या तिला लिहायला वेळ नसतो. म्हणून माणसाच्या आयुष्यातील हे एक वर्ष साहित्यात जवळजवळ साक्षीदाराविना राहते. हा लेख मी पाच बैठकांत लिहीत आहे. पैकी दोन बैठका दहा मिनिटांच्या आतल्या होत्या.

अपवाद ओवीचा. दळणाऱ्या बाईची ओवी दोन-तीन ओळींची, स्वतःपुरती पूर्ण. मूल रडले तर जाते थांबवावे, उठावे, परत येऊन पुढची ओवी म्हणावी. मध्येच तुटल्याने रचनेचे काही बिघडत नाही. व्यत्यय गृहीत धरून घडलेला हा काव्यप्रकार आहे, असे मला आता वाटते, आणि छंदशास्त्राच्या तासाला ही गोष्ट सांगायला हवी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दही घुसळता घुसळता गाणारी यशोदा त्या बायकांच्याच पंक्तीत बसणारी आहे. जनाबाईच्या अभंगांतील विठ्ठल तर नुसते पाहत बसत नाही, तिच्याबरोबर दळू लागतो.

येथवर लिहून झाल्यावर स्वतःला निर्दोष ठरवून थांबणे सोपे होते. पण भागवतातील त्या दासींनी मला थांबू दिले नाही. कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची प्रसूती रजा केव्हाच संपली. मी सकाळी साडेनऊला महाविद्यालयात जाते, यजमानांची नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात आहे, आणि दिवसभर मुलीला एक मावशी सांभाळतात. मुलगी पेज किती प्यायली, कोणत्या बाजूचा दात शिवशिवतो, कोणत्या आवाजाला ती घाबरते, हे मला त्यांच्याकडून कळते. कठडा सोडून ती पहिल्यांदा उभी राहिली ते त्यांनी पाहिले. साडेपाचला मी दार उघडते, पर्स खाली टाकते, मुलीला उचलते, तिचे मस्तक हुंगते, टक लावून पाहते. विश्वनाथाचे सगळे अनुभाव ओळीने माझ्या अंगी उमटतात. मावशी तेवढ्यात चपला घालून निघालेल्या असतात, कारण त्यांच्या घरी नातवंडे असतात आणि स्वयंपाक व्हायचा असतो.

रात्रीचे 'इत्यादी' माझे आहे, दिवसाचे त्यांचे. त्याबद्दल मी त्यांना महिन्याचे पैसे देते आणि त्या प्रामाणिकपणे काम करतात, यात कोणाचीच तक्रार नाही. तरीही वर्गात वत्सलरस शिकवताना मी ज्या ठिकाणाहून बोलते ते ठिकाण आता मला दिसते. तेथे उभे राहता यावे म्हणून दुसरे कोणीतरी मुलाजवळ बसलेले असते.

परवा मी त्यांना म्हटले, "मावशी, वाढदिवसाला तुम्ही कामाला यायचे नाही. नातवंडांना घेऊन जेवायला यायचे. औक्षणाच्या वेळी तुम्ही हव्यातच."

त्या पेजेची वाटी धूत होत्या. जराशाने म्हणाल्या, "येईन की, ताई. पण एवढी माणसं येणार, दिवा पेटलेला असणार. तेव्हा बाळीकडे बघणार कोण?"