गॉर्डनला कामावर जाऊ द्या

'हाफ-लाइफ'वर कुणीही यूट्यूबवर बोलायला बसलं की पहिल्या दोन मिनिटांत एक वाक्य येतंच. पहिला भाग त्या काळाच्या मानानं भारी होता, पण खरा मास्टरपीस म्हणजे दुसरा. मग दुसऱ्याच्या फिजिक्सचं कौतुक, ग्रॅव्हिटी गनचं कौतुक, चेहऱ्यांच्या ॲनिमेशनचं कौतुक. पहिल्याला 'नॉस्टॅल्जिया' असं लेबल चिकटवून माळ्यावर टाकायचं.

मला हे मान्य नाही. १९९८चा पहिला 'हाफ-लाइफ' त्या मालिकेतला सर्वांत धीट गेम आहे. २००४चा दुसरा देखणा आहे, पण पहिल्यानं जे सांगितलं त्यापासून तो पळ काढतो. नॉस्टॅल्जियाचं म्हणाल, तर पहिला भाग आला तेव्हा मी नुकताच चालायला शिकलो असेन. मी तो नोकरी लागल्यावर नीट खेळलो, आणि तेव्हाच तो कळला. (स्पॉयलर आहेत. वीस-पंचवीस वर्षं जुन्या गोष्टीला वॉर्निंग मिळणार नाही.)

गॉर्डन फ्रीमन. वय २७, एमआयटीची पीएचडी. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जमिनीखाली ब्लॅक मेसा नावाचं अवाढव्य संशोधन केंद्र आहे, तिथं नोकरीला. गेम सुरू होतो तेव्हा तो ट्राममध्ये आहे आणि त्याला कामावर पोचायला उशीर झालाय. चार-पाच मिनिटं तुमच्या हातात बंदूक नाही, शत्रू नाही, काही नाही. बाहेर क्रेन, बोगदे, आपापल्या कामात असलेली माणसं. स्पीकरवर एक बाई सूचना वाचतेय, त्यात हेही आहे की तुमच्या ओळखीत कुणी लायक उमेदवार असेल तर नाव सुचवा. म्हणजे रेफरल स्कीम! १९९८ साली एका शूटर गेमची सुरुवात एचआरच्या घोषणेनं होते.

पुढं लॉकर रूम, सूट चढवणं, ब्रेक रूममध्ये कुणाचं तरी जेवण मायक्रोवेव्हमध्ये. आणि एमआयटीच्या डॉक्टरसाहेबांचं आजचं काम काय? ट्रॉली ढकलायची. नमुना ट्रॉलीवर ठेवलेला आहे, तो किरणांच्या झोतात सरकवायचा. बस. डिग्री एक, काम भलतंच, हा विनोद इंजिनियरिंग केलेल्या पोराला समजावून सांगावा लागत नाही.

चेंबरमध्ये जाण्याआधी दोन सीनियर बोलत असतात. वरून, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरकडून, दबाव आहे. मशीन सुरक्षित मर्यादेच्या पलीकडं ताणलंय. एक जण धोक्याबद्दल काहीतरी बोलायला जातो, दुसरा त्याला गप्प करतो, गॉर्डनला हे ऐकवायची गरज नाही म्हणून. मग ट्रॉली ढकलली जाते आणि जग फाटतं. डेडलाइनसाठी टेस्टिंग कापलेलं आणि ज्यानं बटण दाबायचं त्यालाच काही न सांगितलेलं रिलीज ज्यांनी पाहिलंय, त्यांना इथं परग्रहवासी येण्याआधीच घाम फुटतो.

पण खरा घाव नंतर आहे. उरलेले कर्मचारी सांगत असतात की लष्कर आलंय, आता आपण सुटलो. लष्कर येतं आणि पहिल्यांदा त्याच कर्मचाऱ्यांना गोळ्या घालतं. पुरावा मिटवायचा आहे, आणि पुरावा म्हणजे तुम्ही. पुढं एका ठिकाणी दोन सैनिक बोलताना ऐकू येतात. त्यातला एक कुरकुरतोय की राक्षस मारायला आलो होतो, साध्या माणसांना मारायला नाही, हा हुकूम दिला तरी कुणी? उत्तर मिळत नाही. गेमभर कुणालाच मिळत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर एकदाही दिसत नाही, तो फक्त 'वरून आलंय' एवढाच आहे.

गिरणीगावात वाढलेल्या माणसाला हा गेम जरा लवकर समजतो. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या घराचं घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर चाललं. जुन्या गिरणीपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत एकेक करत सगळ्या बंद पडल्या. गिरणीत राबलेल्या म्हाताऱ्यांना विचारा गिरणी कुणी बंद केली, एक नाव कधीच मिळणार नाही. मालक, सरकार, बँक, संप, पॉवरलूम, प्रत्येक जण वेगळीकडं बोट दाखवतो. ब्लॅक मेसा ही अशीच गिरणी आहे. आत राबणाऱ्याला ती कधीच पूर्ण दिसत नाही.

शेवटच्या टप्प्यात गॉर्डन झेन नावाच्या परक्या जगात जातो. हा भाग कंटाळवाणा आहे हे मी मान्य करतो. हवेत तरंगणाऱ्या खडकांवर उड्या मारायला लावणाऱ्याला माफी नाही. पण तिथं एक कारखाना आहे. पूर्ण गेमभर ज्यांना तुम्ही डझनांनी मारत आलात ते व्हॉर्टिगॉन्ट तिथं काम करताना दिसतात. गळ्यात पट्टा, मनगटात कड्या. तुम्ही त्यांना छेडलं नाही तर ते तुमच्यावर हल्लाही करत नाहीत. एक ओळ संवाद नाही. तुम्हीच उभं राहून समजून घ्यायचं की पलीकडचे सुद्धा वेठीला धरलेले कामगार होते.

आणि शेवट? सूटबूट घातलेला जी-मॅन येतो आणि गॉर्डनला नोकरीची ऑफर देतो. घ्यायची तर पोर्टलमध्ये पाऊल टाक. नको असेल तर जिंकताच येणार नाही अशा लढाईत ढकलून देतो. कामावर उशिरा पोचण्यापासून सुरू झालेला गेम ऑफर लेटरवर संपतो.

आता दुसरा भाग. जी-मॅन गॉर्डनला सुमारे वीस वर्षांनी जागं करतो. (आयटीवाल्यांच्या भाषेत, वीस वर्षं बेंचवर.) सिटी १७ ची सुरुवात जबरदस्त आहे. स्टेशन, पोलीस, जमिनीवर डबा पाडून 'उचल' म्हणणारा तो शिपाई. अर्धा तास वाटतं की हा गेम पहिल्याइतकाच धारदार असणार. मग लोक गॉर्डनला ओळखायला लागतात, आणि तिथून सगळं घसरतं.

जो माणूस काल ट्रॉली ढकलत होता त्याला आज अख्खं शहर ओळखतं. बंडखोर वाट सोडून बाजूला होतात, डॉक्टर फ्रीमन म्हणून आदरानं बोलतात, त्याच्याबरोबर मरायला तयार असतात. व्हॉर्टिगॉन्ट तर त्याला 'फ्री मॅन' म्हणून जवळजवळ अवतारच मानतात. ज्यांची पिढी त्यानं कापून काढली तेच! त्या हिशोबाचा विषय जवळजवळ निघतच नाही. पहिल्या भागात गॉर्डन मुका होता कारण कर्मचाऱ्याला कुणी विचारत नाही. दुसऱ्यात सगळे त्याच्याशी तासन्‌तास बोलतात आणि तो मुकाच, त्यामुळं तो देवळातल्या मूर्तीसारखा वाटायला लागतो. नवस बोला, मूर्ती ऐकतेय.

सगळ्यात मोठी पळवाट म्हणजे डॉक्टर ब्रीन. पहिल्या भागातला तो न दिसणारा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणे हाच होता. आता त्याला पांढरी दाढी आहे, चौकाचौकांतल्या स्क्रीनवरून भाषणं आहेत, आणि राहायला शहरातला सर्वांत उंच मनोरा. मनोऱ्यावर चढा, त्याला पाडा, झालं. याला लोक 'बेटर व्हिलन' म्हणतात. मी याला सोय म्हणतो. दोष द्यायला एक चेहरा मिळाला की खेळणारा सुटतो, गेम बनवणाराही सुटतो.

यावर दोन उत्तरं ठरलेली आहेत. एक, दुसऱ्या भागात पात्रं आहेत, पहिल्यात नाहीत. खरंय. पहिल्या भागात शास्त्रज्ञांचे मोजून चार चेहरे होते आणि सुरक्षारक्षकांचा एकच. ही तांत्रिक गरिबी होती, मुद्दाम केलेली कला नव्हे, पण परिणाम बघा. शेकडो माणसं, चार चेहरे, नावं नाहीत. मस्टर रोलच तो. दुसऱ्या भागानं त्यातले दोन-तीन निवडून त्यांना नावं दिली, एकाला मुलगी दिली, आणि जगाचं भवितव्य त्या कुटुंबाच्या हातात दिलं. महाराष्ट्रात राहून घराणेशाही ओळखायला मला गेम लागत नाही. मायक्रोवेव्हचं जेवण आठवतंय? ते तुम्ही पहिल्या भागात उगाच बटण दाबून उडवू शकता. २००७च्या 'एपिसोड टू'मध्ये कळतं की ते डॉक्टर मॅग्नुसन यांचं होतं, आणि ते अजून रागावलेत. मी हसलो. पण अडचण हीच आहे : पहिल्या भागात ते *कुणाचं तरी* जेवण होतं.

दुसरं उत्तर, फिजिक्स. हो, ग्रॅव्हिटी गन ही गेम डिझाइनमधली थोर कल्पना आहे, आणि रेव्हनहोममध्ये करवतीची पाती फेकण्याची मजा मी नाकारत नाही. पण फळीच्या एका टोकावर विटा ठेवून दुसरं टोक वर करायचं कोडं हे कोडं नाही, ते क्लायंटसमोरचं डेमो आहे. पहिल्या भागात एक पायरीसुद्धा इंजिन मिरवायला ठेवलेली वाटत नाही. याचं कारणही ठाऊक आहे. व्हॉल्व्हनं १९९७ मध्ये जवळजवळ तयार झालेला गेम नापास ठरवला, रिलीज वर्षभर पुढं ढकललं, आणि चांगले तुकडे ठेवून बाकीचं नव्यानं बांधलं. आपण ज्याला ओरिजिनल म्हणतो तो खरं तर स्वतःचाच दुसरा मसुदा आहे.

मग सीक्वेल नकोच होता का? नाही, सीक्वेल होते, आणि चांगले होते. फक्त रँकिंगच्या व्हिडिओत ते तळाला असतात. १९९९चा 'ऑपोझिंग फोर्स' आणि २००१चा 'ब्लू शिफ्ट', दोन्ही गिअरबॉक्स या बाहेरच्या कंपनीनं बनवलेले. थोडक्यात, कंत्राटी काम. पहिल्यात तुम्ही पुरावा मिटवायला आलेल्या सैनिकांपैकीच एक आहात, तोच दिवस, तीच जागा. दुसऱ्यात तुम्ही सुरक्षारक्षक आहात. त्याच वर्षी प्लेस्टेशन २ वर आलेल्या 'डीके'मध्ये दोन शास्त्रज्ञ बायका आहेत, आणि गॉर्डननं ढकललेला नमुना त्याच पुढं पाठवतात. एकच अपघात, चार खात्यांतून. कुणीही अवतार नाही. 'ऑपोझिंग फोर्स'मध्ये गॉर्डन दिसतो तो क्षणभर, पोर्टलमध्ये उडी मारताना. तुमच्या दृष्टीनं तो दुसऱ्या डिपार्टमेंटचा कुणीतरी आहे. सीक्वेल वर चढत जायलाच हवा असं नाही, तो आडवाही पसरू शकतो. व्हॉल्व्हनं ही वाट सोडून दिली. त्या सैनिकाला जी-मॅननं अडकवून ठेवलं, तो आजतागायत परतलेला नाही.

आणि प्रत्येक पुढच्या भागानं दार थोडं अजून लावून घेतलं. पहिला भाग ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीवर सॉफ्टवेअर मोडमध्ये चालायचा, १३३ मेगाहर्ट्‌झच्या पेंटियमवर, २४ एमबी रॅममध्ये. सोबत लेव्हल बनवायचं टूलही दिलेलं. त्यातूनच मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' हा मॉड केला. आपल्या नेट कॅफेंमध्ये तासावर पैसे मोजून एक अख्खी पिढी तो खेळली. सोलापुरात तर मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांतून शिव्या देत. डेस्कटॉपवरच्या त्या शॉर्टकटची प्रॉपर्टी उघडली की आत लिहिलेलं असायचं 'एचएल डॉट ईएक्सई'. बहुतेकांनी कधी उघडली नाही. दुसऱ्या भागाला मात्र डिस्क विकत घेऊनही स्टीमवर ऑनलाइन ॲक्टिव्हेशन लागायचं, तेही २००४च्या इंटरनेटवर. स्टीमवर रुपयात किंमत दिसायला २०१५ उजाडलं. आणि २०२० मध्ये 'ॲलिक्स' आला तो व्हीआर हेडसेटशिवाय चालतच नाही. ट्रॉली ढकलणाऱ्याची गोष्ट आता ट्रॉली ढकलणाऱ्याला परवडत नाही.

'ॲलिक्स'ला एक श्रेय देतो. 'एपिसोड टू'च्या शेवटी मेलेल्या एलायला तो तेरा वर्षांनी जिवंत करतो, ही लबाडी आहे. पण ती करताना जी-मॅन ॲलिक्सला गॉर्डनच्या जागी भरती करून घेतो, त्याचं काम समाधानकारक नव्हतं म्हणून. म्हणजे लिहिणाऱ्यांना अजून आठवतंय की ही नोकरीची गोष्ट आहे. लगेच पुढच्या मिनिटाला गॉर्डनच्या हातात पहार देऊन त्याला पुन्हा तारणहार करतात, तो भाग वेगळा.

तिसऱ्या भागाच्या अफवा दर सहा महिन्यांनी येतात. येऊ देत. तोवर पहिला खेळा. स्टीमवर सेलमध्ये तो वडापावांच्या हिशोबात मिळतो. २०२३ मध्ये पंचवीस वर्षं झाली म्हणून त्याला मोठा अपडेट दिला गेला, त्यामुळं आजच्या स्क्रीनवर तो नीट बसतो. लॅपटॉप नसेल तर एक्सॅश थ्रीडी नावाचं ओपन सोर्स इंजिन आहे. विकत घेतलेल्या गेमच्या फाइल त्यात टाकल्या की हे वाचताय त्याच ॲन्ड्रॉइड फोनवर चालतो.

सुरुवातीची ट्राम कापून पुढं जाऊ नका. खिडकीतून बघत राहा, एका ठिकाणी एक सुरक्षारक्षक बंद दारावर थापा मारताना दिसेल. तीन वर्षांनी आलेल्या 'ब्लू शिफ्ट'मध्ये तुम्ही तोच असता. कामावर आलेले, आणि दार कुणी उघडत नाहीये.