गाळलेलं पाणी

शेजारचा नातू दुसरीत आहे. परवा शाळेतून आला तो ओठ सुकलेले. म्हणाला, “मी वर्गात बोललो म्हणून मॅडमनी पाणी पिऊ दिलं नाही.” दप्तरात बाटली भरलेली, आईनेच सकाळी गाळून दिलेली. आई काय म्हणाली? “बरं केलं! घरी तर ऐकतच नाही.” मी समोरच बसले होते. तेव्हा गप्प राहिले, म्हणून आज लिहिते आहे.

दशलक्षणात आपण रोज एक, असे तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पंडितजी उदाहरण बैलाचं देतात, आपण माना डोलावतो. आपल्या घरी बैल कुठे आहे आता? पोरं आहेत. हवं तिथे जाऊ न देणं हा बंध, म्हणजे मधल्या सुट्टीत वर्गात डांबून ठेवणं. वध म्हणजे इथे जीव घेणं नव्हे. काठीने, चाबकाने, वेताने मारणं, असा अर्थ टीकाकारांनी दिला आहे. वेत हा शब्दसुद्धा तिथे आहे, बायांनो! अतिभार तर रोज पाठीवर दिसतो. आणि अन्नपाननिरोध म्हणजे ती न उघडलेली बाटली. (कान कापत नाहीत, पिळतात, ते छेदात धरायचं की नाही, पंडितजींना विचारा.)

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. तरी बालाघाटात मुर्गा बनवणं थांबलेलं नाही, कारण परवानगी आपणच देतो. “सर, मारा हो, आमची ना नाही,” असं सांगणाऱ्या आया मी पालकसभेत पाहिल्या आहेत. त्यांतल्या काहींचे उपास माझ्यापेक्षा कडक असतात.

“मग काय डोक्यावर बसवायचं?” नाही. नियम हवेतच. आपल्या मुनींना काय कमी नियम आहेत? पण ईर्यासमिती ‘चालू नका’ म्हणत नाही. चार हात पुढचं बघून चाला म्हणते. आदाननिक्षेपण म्हणजे वस्तू बघून उचला, बघून ठेवा. भाषासमिती म्हणजे नेमकं आणि हिताचं बोला. पहिलीच्या वर्गाला आणखी काय हवं? काय करायचं ते सांगा, नुसतं काय करायचं नाही ते नको. तीन-चारच नियम, पोरांना विचारून, पहिल्या दिवशी ठरवलेले. पाणी सांडलं त्याने पुसावं; बाकावर उभं राहून फरशी कोरडी होत नाही. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हे शंभर वर्षांपूर्वी सुरू केलं. छडी तर नाहीच, बक्षिसाचं आमिषसुद्धा त्यांना नको होतं.

एका खोलीत साठ पोरं असली की मॅडमचा घसा बसतो, चिडही येते, हे मलाही कळतं. पण ते भांडण संचालक मंडळाशी करायचं. तिथे बरेचदा आपलीच माणसं बसतात, मंदिरात भेटतातही.

येत्या पालकसभेत मी जाणार आहे, नातू माझा नसला तरी. विचारणार आहे की तहान लागली तर मूल न विचारता बाटली उघडू शकतं का, हो की नाही. शेजारीण सोबत येते का, पाहू. अजून ‘हो’ म्हणालेली नाही.