चाळीस अनोळखी हात आणि एक फाइल



घरात कॉलेजला जाणारे मूल असेल तर "टोरंट लावलंय, कॉम्प्युटर बंद करू नका" हे वाक्य आपल्या कानावरून गेले असेल. रात्री आपण झोपतो आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ते यंत्र गुरगुरत राहते. सकाळी उठावे तर भली मोठी फाइल येऊन बसलेली! ती दिली कोणी? एकाने नव्हे, कदाचित चाळीस जणांनी मिळून. त्यातला एखादा ब्राझीलमध्ये, एखादा पोलंडमध्ये, एखादा इथेच भोसरीत. एकालाही आपण ओळखत नाही. मग त्यांतल्या कोणी भेसळ केली नाही कशावरून? आईबापांना यातले काही समजत नाही, असे मुलांना वाटते. तेव्हा आज हे जरा समजून घेऊ.

जुन्या पद्धतीत फाइल एका मोठ्या संगणकावर असते आणि सगळे तिथे रांग लावतात. रेशनच्या दुकानासारखेच ते. दुकानाचे शटर पडले की सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या. १९९९ साली अमेरिकेत शॉन फॅनिंग या कॉलेजच्या पोराने 'नॅपस्टर' काढले. त्यात गाणी लोकांच्या घरच्या संगणकांवरच राहिली, पण कोणाकडे कोणते गाणे आहे याची यादी नॅपस्टरच्या संगणकांवर होती. गाण्यांच्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये ते जाळे बंद पडले. गाणी लोकांच्या घरात होती तिथेच राहिली, पण ती शोधायची कशी? मार्च २००० मध्ये आलेल्या 'नुटेला'ने यादीच ठेवली नाही. शेजाऱ्याला विचारायचे, त्याने आपल्या शेजाऱ्यांना विचारायचे. माणसे वाढली तसा विचारपुशीचाच इतका गोंगाट झाला की गाडी पुढे सरकेना.

भेसळीचा खरा धडा मिळाला तो 'काझा'मध्ये. पुढे स्काईप काढणाऱ्या मंडळींचेच हे आधीचे काम, २००१ सालचे. फाइल तीच आहे की दुसरी हे ओळखण्यासाठी काझाने एक सोपी युक्ती योजली होती. सगळी फाइल तपासायला वेळ लागतो म्हणून ठरावीक जागांवरचेच तुकडे तपासायचे: सुरुवातीचे ३०० केबी, मग एक एमबीवर ३०० केबी, मग दोन, चार, आठ असे दुप्पट अंतर टाकत, आणि शेवटी शेपटाकडचा एक तुकडा. धान्याच्या पोत्यात नळी खुपसून दाणे काढून पाहतात ना, तसेच. पण नळी कुठे खुपसणार हे व्यापाऱ्याला आधीच ठाऊक असेल तर? तेवढ्या जागी चांगला गहू आणि बाकी पोत्यात खडे! ६०० एमबीच्या फाइलमध्ये जेमतेम साडेतीन एमबी तपासले जात. उरलेल्या भागात कोणी काहीही भरावे, ठसा तोच.

शिवाय नाव गाण्याचे आणि आत नुसता खरखराट, अशा फाइलीही मुद्दाम सोडल्या गेल्या. संगीत कंपन्यांनी त्यासाठी पैसे देऊन माणसे नेमली होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्या वेळच्या अनेक लोकप्रिय गाण्यांच्या काझावरील निम्म्याहून अधिक प्रती अशा बिघडवलेल्या आढळल्या.

ब्रॅम कोहेन या न्यूयॉर्कच्या तरुणाने २००१ साली 'बिटटोरंट' लिहिले. आपली मुले ज्याला टोरंट म्हणतात ते हेच. कोहेनने फाइलचे लहान लहान तुकडे केले. सीडीभर म्हणजे ७०० एमबीची फाइल घेतली आणि पाव एमबीचा एक तुकडा धरला तर तुकडे होतात २८००. प्रत्येक तुकड्याचा गणिताने एक ठसा काढायचा. या ठशाचे वैशिष्ट्य असे की तुकड्यातले एक अक्षर बदलले तरी सगळा ठसा पालटतो, आणि ठशावरून मूळ तुकडा घडवता येत नाही. आपल्या पणजोबांच्या काळी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा आणि वर हवे ते लिहायचा. इथे ती सोय नाही, कारण ठसा उमटतो तोच मजकुरातून.

एक ठसा २० बाइटचा. म्हणजे २८०० ठसे मिळून झाले ५६,००० बाइट. ज्याला टोरंट फाइल म्हणतात ती एवढीशीच असते: फाइलचे नाव, आकार, चौकशी कुठे करायची तो पत्ता आणि ही ठशांची यादी. मग तुकडा ब्राझीलहून येवो की भोसरीहून, आपला संगणक त्याचा ठसा काढतो, यादीशी ताडून पाहतो आणि जुळला नाही तर फेकून देतो. देणाऱ्याचा चेहरा, नावगाव, इभ्रत यातले काहीच विचारावे लागत नाही.

मात्र एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. ठसा जुळला याचा अर्थ फाइल यादीप्रमाणे आहे, एवढाच. यादी बनवणाऱ्याने आतच विषारी प्रोग्राम घातला असेल, तर तो विषारी प्रोग्रामही अक्षर न् अक्षर बिनचूक येऊन पोहोचतो. महागडे सॉफ्टवेअर 'फुकट' म्हणून उतरवणारी पोरे इथेच फसतात.

गणितही म्हातारे होते. कोहेनने वापरलेल्या ठशाच्या पद्धतीचे नाव एसएचए-१. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या गणित संस्थेतील आणि गूगलमधील संशोधकांनी दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइली दाखवल्या, ज्यांचा एसएचए-१ ठसा एकच होता. दोन माणसांचा अंगठा एक! बिटटोरंटच्या दुसऱ्या आवृत्तीत एसएचए-२५६ हा मोठा ठसा आला आणि तपासणी १६ केबीच्या तुकड्यापर्यंत खाली उतरली. २०२० पासून काही प्रोग्राममध्ये ती वापरताही येऊ लागली.

आता दुसरा प्रश्न. भेसळ थांबली, पण आपमतलबी माणसाचे काय? घ्यायला पुढे आणि द्यायची वेळ आली की दार लावून बसायचे, अशी माणसे चाळीत असतात तशी जाळ्यातही. त्यांना इंग्रजीत 'लीच' म्हणतात, म्हणजे जळू. कोहेनचा नियम वाटीभर साखरेच्या व्यवहाराचा आहे. तुझ्याकडून मला किती मिळते ते पाहून मी तुला देणार. त्याच्या मूळ रचनेत एका वेळी चौघांना द्यायचे, आणि दर दहा सेकंदांनी हिशोब पुन्हा पाहायचा.

पण नुकताच आलेला माणूस काय देणार? त्याच्याकडे एकही तुकडा नसतो. नुसता रोखठोक नियम ठेवला तर त्याला कधीच काही मिळायचे नाही. म्हणून कोहेनने त्या चारांतली एक जागा हिशोबाबाहेर ठेवली. ती कोणालाही मिळते आणि दर तीस सेकंदांनी पुढच्याकडे जाते. मला या सगळ्या रचनेत सर्वांत आवडलेली गोष्ट ही. गंमत अशी की फुकट्यांनी याच दयेचा फायदाही घेतला. २००६ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी एक प्रोग्राम लिहून दाखवला, जो काहीही न देता पूर्ण फाइल उतरवून घेत असे. तरीही ती जागा काढून टाकली गेली नाही.

आणखी एक नियम म्हणजे जो तुकडा सर्वांत कमी लोकांकडे आहे तो आधी घ्यायचा, म्हणजे एखादा मध्येच उठून गेला तरी पान कायमचे हरवत नाही.

आता घरच्यांच्या काळजीचा भाग. टोरंटमध्ये आपला पत्ता लपत नाही. फाइल घेणाऱ्या-देणाऱ्या सगळ्यांचे इंटरनेटचे क्रमांक एकमेकांना दिसतात, आणि त्यात कंपन्यांची पाळत ठेवणारी माणसेही शिरू शकतात. शिवाय घेता घेता आपण देतही असतो. म्हणजे नवा सिनेमा उतरवणारा मुलगा कायद्याच्या नजरेत वाटप करणारा ठरू शकतो, आणि आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पद्धत मात्र बेकायदा नाही. लिनक्ससारखी मोफत प्रणाली तिचे कर्तेच टोरंटने वाटतात आणि 'इंटरनेट आर्काइव्ह' हे ग्रंथालय पुस्तकेही अशी देते.

या पद्धतीची आणखी एक कच्ची बाजू २००७ मध्ये अमेरिकेत उघडी पडली. कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी दोन ग्राहकांच्या बोलण्यात शिरून एकाच्या नावाने दुसऱ्याला "मी फोन ठेवतो" असा खोटा निरोप पाठवत असे. असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी बायबलची फाइल पाठवून ते सिद्ध केले. टोरंटचे बोलणे गुप्त लिपीत गुंडाळायची सोय तोवर आली होती, पण ते कुलूप तकलादू. बोलणे चटकन ओळखू येऊ नये एवढ्यापुरतेच ते. आपला पत्ता त्याने झाकत नाही.

आणि तराजूच खोटा निघाला तर? मार्च २०१६ मध्ये तसे घडले. 'ट्रान्समिशन' हा टोरंटचा नावाजलेला प्रोग्राम. कोणीतरी त्याच्या अधिकृत साइटमध्येच शिरून ॲपलच्या संगणकांसाठीची प्रत बदलली. ती तीन दिवस गप्प बसे, मग घरातल्या फाइलींना कुलूप घाली आणि सोडवायला एक बिटकॉइन मागे. काही हजार लोकांनी ती उतरवली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे पुन्हा दुसरा विषारी प्रोग्राम घुसवला गेला.

म्हणून मूल एखादा प्रोग्राम उतरवत असेल तर त्याच्या शेजारी बसा आणि कर्त्यांनी जाहीर केलेला ठसा कुठे आहे ते विचारा. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' नावाची आज्ञा असते, ती कोणत्याही फाइलचा ठसा काढून देते. दोन्ही ठसे शेजारी ठेवून शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहायचे. फक्त तो ठसा फाइल मिळाली त्याच पानावरून घेऊ नये. चोर ज्या दिवशी साइटमध्ये शिरतो त्या दिवशी तो फाइलही बदलतो आणि तिच्याखाली लिहिलेला ठसाही.