निळे कुत्रे दिसले, मेंदूतला दाह दिसत नाही

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत निळे झालेले भटके कुत्रे दिसले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद करायला लावला. हवेतल्या सूक्ष्म कणांचा परिणाम असा डोळ्यांना दिसत नाही. मेंदूतील मायक्रोग्लिया या रक्षक पेशी अशा कणांमुळे चेतवल्या जातात व दाह वाढतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. याच पेशींच्या कामाशी संबंधित ‘ट्रेम-२’ जनुकातील एका दुर्मीळ बदलाने अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट होतो, हे २०१३ मध्ये समोर आले. वारशाने आलेले जनुक बदलता येत नाही. हवा मात्र स्वच्छ ठेवता येते. ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२० मध्ये हवाप्रदूषणाचा समावेश स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांत केला. त्यामुळे तळोजासारख्या पट्ट्यात हवेच्या नोंदींसोबत ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीची नियमित तपासणीही व्हायला हवी.