पातरगित्तीच्या मागे श्रीलंकेत

सुट्टी आणि परदेश हे दोन शब्द हल्ली घरोघरी जोडीने ऐकू येतात. पूर्वी जोतिबा, पंढरपूर, फार तर गोवा झाला की आपली सहल पुरी व्हायची. आता बँकेत, शाळेत, दुकानात राबणारी मंडळीही चार वर्षे पैसे साठवून सिंगापूर, दुबई, बँकॉक करून येतात. यावे, जरूर यावे. पण आल्यावर मुलांना ‘काय काय पाहिलंस?’ असे विचारले की ती मॉलची आणि पाळण्यांची नावे सांगतात. एवढे पैसे घालून मुलांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मग आजी-आजोबांच्या मनात येतोच. म्हणून आज थोड्या वेगळ्या सहलीविषयी लिहिते. नातवंडांना आणि म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन परदेशात फुलपाखरे, पक्षी, प्राणी पाहायला जाण्याविषयी. आणि त्यासाठी मी सुचवीन तो देश म्हणजे श्रीलंका.

एक तर तो जवळ आहे. बेळगावहून रात्रीच्या गाडीने बेंगळुरू गाठायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या पावपट वेळही बेंगळुरूहून कोलंबोला विमानाने लागत नाही. देश आकाराने कर्नाटकाच्या साधारण एक-तृतीयांश. पण एवढ्याशा बेटावर सुमारे अडीचशे जातींची फुलपाखरे आहेत आणि त्यांतली काही जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. हत्ती, बिबटे, मोर, मगरी, घोरपडी आहेतच.

आम्ही एप्रिलमध्ये सहाजण गेलो होतो. मुलगा, सून, दोन नातवंडे, मी आणि आमच्या विहीणबाई. विहीणबाई धारवाडच्या. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून पहिला मुक्काम कँडीला केला. तिथून जवळच पेरादेनियाची शाही बाग आहे. १८२१ साली वसवलेली, सपाट रस्त्यांची, जागोजागी बाकडी असलेली. उंच झाडांना मोठमोठी वटवाघळे शेकड्यांनी उलटी टांगलेली दिसतात. पोरे ती बघायला पुढे धावली, विहीणबाई बाकावर टेकल्या. आणि खरी गंमत त्यांनाच दिसली. काळ्या पंखांवर निळा रंग ओतल्यासारखे एक मोठे फुलपाखरू संथपणे त्यांच्या समोरून गेले. त्या मोठ्याने म्हणाल्या, ‘नोडरी, पातरगित्ती!’

नातू परत धावत आला. ‘अज्जी, पातरगित्ती म्हणजे?’ शाळेत तो बटरफ्लाय शिकला होता, कन्नडच्या पुस्तकात चिट्टे हा शब्द आला होता, घरी माझ्याकडून फुलपाखरू ऐकले होते. पण धारवाडकडचा हा शब्द त्याच्या कानावर कधी पडलाच नव्हता. विहीणबाईंनी मग त्याला सांगितले की दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांनी याच पातरगित्तीवर कविता लिहिली आहे आणि त्यांच्या लहानपणी ती मुलांच्या तोंडी असायची. मी भर घातली, की बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, त्यांनी लिहिले मुख्यतः कन्नडमध्ये आणि १९७३ सालचे ज्ञानपीठ मिळवले. आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरातल्या मुलाला ही गोष्ट ठाऊक हवी. ती सांगण्याचा प्रसंग मात्र बेळगावात दहा वर्षांत आला नव्हता. तो परदेशातल्या एका बाकावर आला.

त्या दिवशी संध्याकाळी सूनबाईने एक वही केली. एका पानावर चार रकाने आखले: मराठी, कन्नड, सिंहली, तमिळ. जे दिसेल त्याचे नाव चारही भाषांत लिहायचे. ठाऊक नसेल तर गाडीच्या चालकाला, वाटाड्याला, चहावाल्याला विचारायचे. फुलपाखराला सिंहलीत ‘समनलया’ म्हणतात आणि तमिळमध्ये ‘वण्णत्तुपूच्ची’. मोराला सिंहलीत ‘मोनरा’. हत्तीला तमिळमध्ये ‘यानै’. नातीने वही बघून लगेच ओळखले, ‘मोनरा आपल्या मोरासारखं आहे आणि यानै अज्जीच्या आनेसारखं!’ सिंहली ही मराठीच्या कुळातली आणि तमिळ ही कन्नडच्या कुळातली भाषा. एरवी हे मुलांना समजावून सांगायला तासभर लागला असता. इथे एक मोर आणि एक हत्ती पुरला. घरात दोन भाषा असल्याने मुलांचा गोंधळ होतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मुलांना त्या दोन भाषांनी परक्या मुलखात दोन दारे उघडून दिली.

शब्दांचे जे, तेच फुलपाखरांचे. विहीणबाईंना दिसलेले ते निळे-काळे फुलपाखरू म्हणजे ब्लू मॉर्मन. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. राणी पाकोळी हे त्याचे मराठी नाव. हे फुलपाखरू मुख्यतः श्रीलंकेत आणि आपल्या दक्षिण-पश्चिम भारतात राहते. म्हणजे आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात दिसते तेच. दुसरे म्हणजे बर्डविंग. पंख पसरले की जवळजवळ वितभर भरणारे, काळे आणि झगझगीत पिवळे, उडताना पक्षीच वाटणारे. श्रीलंकेतले बर्डविंग फक्त त्याच बेटावर आढळते आणि ते त्या देशाचे राष्ट्रीय फुलपाखरू आहे. त्याचेच सह्याद्रीतले भावंड, सदर्न बर्डविंग, हे कर्नाटकाचे राज्य फुलपाखरू. महाराष्ट्राचे आणि कर्नाटकाचे अशी दोन्ही राज्यांची फुलपाखरे घाटातल्या एकाच जंगलात सुखाने उडतात. कुणाची हद्द कुठे संपते, ते त्यांना कुणी सांगितलेले नाही!

हे साम्य योगायोगाचे नाही. शास्त्रज्ञ सह्याद्री आणि श्रीलंका यांना जैवविविधतेचा एकच पट्टा मानतात. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली होती, तेव्हा मधली उथळ सामुद्रधुनी कोरडी पडून भारत आणि लंका जमिनीने जोडले गेले होते. पुढे पाणी चढले आणि सोयरे दोन काठांना राहिले. क्रिमसन रोझ नावाचे लाल अंगाचे फुलपाखरू तर आजही स्थलांतर करते. धनुष्कोडी आणि श्रीलंका यांच्यामधल्या समुद्रावरून उडताना ते लोकांनी पाहिले आहे.

श्रीलंकेत फुलपाखरांच्या नावाचा डोंगरही आहे. ‘समनल कंद’ म्हणजे फुलपाखरांचा डोंगर. तेच श्रीपाद, उंची २,२४३ मीटर. माथ्यावरच्या खडकात पावलाचा ठसा आहे. बौद्ध तो बुद्धाचा मानतात, हिंदू शंकराचा, मुसलमान आणि ख्रिस्ती आदमचा. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत यात्रा चालते. ठराविक दिवसांत फुलपाखरांचे थवेही त्या दिशेने जाताना दिसतात आणि तीही यात्रेला निघाली आहेत, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. पंढरीची वाट धरणाऱ्या आपल्या माणसांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

जंगल पाहायचे तर सिंहराज पाहावे. १९८८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेले हे सदाहरित रान. आत वाटाड्याशिवाय जाता येत नाही आणि ते बरेच आहे, कारण त्याला जे दिसते ते आपल्याला दिसत नाही. तिथे ट्री निम्फ नावाचे पांढरे-काळे फुलपाखरू झाडांखालून कागदाच्या कपट्यासारखे तरंगत जाते. त्याचीही एक बहीण सह्याद्रीत आहे. सिंहराजात जळवा फार. लांब जाड मोजे तिथे मिळतात, ते चढवावेत आणि मुलांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे रडारड होत नाही.

हत्तींसाठी उडवलवे चांगले. तिथे १९९५ पासून पोरक्या पिल्लांना सांभाळून पुन्हा रानात सोडणारे केंद्र आहे. पिल्लांना दूध पाजताना लांबून बघता येते, पण हात लावता येत नाही. नातू जरा हिरमुसला. पण माणसाची सवय लागली तर पिल्लू रानात जगणार नाही, हे त्याला पटले. हत्तीवर बसवून फोटो काढून देणाऱ्या ठिकाणांपेक्षा ही शिकवण मोलाची. बिबट्यासाठी यालाला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की तिथे एका बिबट्यामागे जीपगाड्यांची रांग लागते. चालकाला ‘आणखी जवळ घे’ म्हणू नका आणि त्यासाठी जादा पैसेही देऊ नका.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. पंख, किडे, शिंपले, पाने यांतले काहीही डबीत भरून आणायचे नाही. २०२४ साली एका इटालियन बाप-लेकाला याला इथे बरण्यांत भरलेल्या शेकडो कीटकांसह पकडले आणि तिथल्या न्यायालयाने त्यांना सहा कोटी श्रीलंकन रुपये दंड केला. मुलांना डबीऐवजी वही द्या.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. रोज नवे गाव करू नका. एका ठिकाणी निदान दोन-तीन रात्री राहा. सकाळी आठ ते अकराची वेळ फुलपाखरांची. ऊन लागल्याशिवाय ती पंख उघडत नाहीत. ओढ्याकाठची ओली माती आणि पडलेली पिकली फळे यांच्यावर नजर ठेवा. फिकट, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. १३-१४ एप्रिलला त्यांचे नववर्ष असते, आपल्या पाडव्यासारखे. त्या दिवसांत पुष्कळ दुकाने बंद असतात. प्रवेशपरवान्याचे नियम बदलत असतात, तिकिटापूर्वी तपासून घ्या. ज्येष्ठांना घरी ठेवून जाऊ नका. भरभर चालणाऱ्यांना फुलपाखरे कमी दिसतात आणि शब्दांचा साठा तर ज्येष्ठांपाशीच असतो.

ज्यांना परदेशाचा खर्च झेपत नाही, त्यांनी मन खट्टू करू नये. राणी पाकोळी लिंबावर आणि पपनसावर अंडी घालते. कॉमन मॉर्मन कढीपत्त्यावरही येते. बर्डविंग आणि क्रिमसन रोझ यांच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात. कन्नडमध्येही तिला ईश्वरी बळ्ळीच म्हणतात. परसात, गच्चीवर, कुंडीत यांतले एक जरी लावले आणि अळी दिसताच औषध मारायचा मोह आवरला, तर पाहुणी आपल्या दारी येण्याची आशा धरता येते. ती आली की मुलांना तिचे नाव आपल्या दोन्ही भाषांत सांगा. तेवढे काम आपल्याशिवाय दुसरे कुणी करणार नाही.